कॉफी घेणार का?

जर्मनीत नागरिकत्व हवं असेल तर भाषेची तोंडी परीक्षा द्यावी लागते. आमच्या वर्गात तिचा सराव चालू होता. शिकवणाऱ्या बाई शेजारीण झाल्या आणि त्यांनी जोशीकाकूंना जर्मनमध्ये विचारलं, "कॉफी घेणार का?"

"नको, आत्ताच झाली," काकू हसून म्हणाल्या आणि थांबल्या.

बाईही थांबल्या. संभाषण तिथेच संपलं.

"काकू, पहिल्यांदाच हो म्हणायचं," मी मराठीत सांगितलं. "बोलणं पुढे गेलं नाही तर नापास करतील."

"अगं, पहिल्यांदाच हो म्हणतं का कुणी? हावरट म्हणतील की!"

इथे दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. नकार खरा मानतात, आणि त्यात अनादर नसतो. आग्रहाची वाट पाहणारं माणूस मात्र तसंच बसून राहतं. काका गेल्यापासून काकू इथे एकट्याच राहतात. आधी इथल्या शेजारणी कॉफीला विचारायच्या, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

बाईंनी पुन्हा तोच प्रश्न केला.

"हो, आवडेल," काकू या वेळी लगेच म्हणाल्या, आणि कप घ्यायला त्यांचा हात पुढे झाला.

टेबलावर कप नव्हता.