डिंगोऱ्याच्या मेंढीवर टिकलेली पट्टी

डॉ. शकुंतला हिंगे यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या प्रयोगशाळेत झाली. मुलाखतीसाठी मी भरपूर घोकंपट्टी करून गेलो होतो. मॅडमनी एकही प्रश्न विचारला नाही. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ पट्टी छातीवर लावायला दिली आणि चार मजले चढून या म्हणाल्या. तिसऱ्याच मजल्यावर घामाने पट्टी सुटली. "हेच तुमचं काम," त्या म्हणाल्या. माझी नेमणूक झाली ती अशी.

ती पट्टी म्हणजे लवचिक प्लास्टिकवर सेंद्रिय शाईने छापलेले, हृदयाचे ठोके मोबाइलवर पाठवणारे सर्किट. मॅडम अवसरी बुद्रुकच्या, शेतकऱ्याघरच्या. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या अंगावर ते टिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. ते काही केल्या टिकत नव्हते आणि निधी देणाऱ्या समितीने शेवटची संधी दिली होती.

डिंगोरे गावच्या ठकाजीबाबांना मेंढरांमागे चालताना चक्कर यायची. दवाखान्यात तपासले की सारे ठीक. आम्ही त्यांना पट्टी लावून दिली. दुसऱ्या दिवशी ठोके एकदम दुप्पट दिसू लागले. जीव मुठीत धरून आम्ही डिंगोरे गाठले, तर बाबा निवांत भाकरी खात बसलेले आणि पट्टी एका मेंढीच्या अंगावर.

"मला काय व्हतंय? मेंढी तापली व्हती, तिला लावली."

मी भडकलो. मॅडम मात्र मेंढीपाशी गुडघे टेकून बसल्या. त्या तेलकट कातडीवर पट्टी जशीच्या तशी होती.

"बाबा, लावली कशी?"

"लोकर भादरली, राख चोळली. रंगाची खूण करायची तरी आमी आधी राख चोळतो. अंगाचं त्याल गेल्याबिगर काय बी बसत न्हाई."

आम्ही वर्षानुवर्षे गोंद बदलत बसलो होतो. मॅडमनी त्या दिवसापासून कातडीकडे लक्ष वळवले. पट्टीआधी चोळायची बारीक भुकटी तयार झाली. नवी पट्टी बाबांच्या अंगावर आठवडाभर हलली नाही, आणि त्यांचे हृदय मधूनच काही सेकंद थांबते हे तिनेच पकडले. पेसमेकर तातडीने बसवायचा होता. बाबा म्हणाले, "मेंढरं कोन बघंल?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी पहिल्याच सकाळी कळप शेजारच्या कांद्यात घातला. शेतमालकाची माफी मॅडमनी स्वतः मागितली आणि तशाच त्या इस्पितळात बाबांच्या कारभारणीजवळ जाऊन बसल्या. अशा बाईंच्या हाताखाली काम केले, याचा मला अभिमान वाटतो.

समितीने प्रकल्प उचलून धरला. पट्टी आता गावोगावी जाते. शोधनिबंधात आभाराचे पहिले नाव ठकाजीबाबांचे आहे. माझे तिसरे, आणि ते योग्यच आहे.

मॅडमना साठ वर्षे पूर्ण झाल्याचे सांगायला परवा मी डिंगोऱ्याला गेलो. बाबा कळप घेऊन टेकडी चढत होते. त्यांना गाठेपर्यंत मला धाप लागली, त्यांना नाही.

"साठच?" ते म्हणाले. "मंग लई काम राह्यलंय त्यांचं. बाईंना म्हनावं, तब्येतीला जपा. आमाला तुमी पायजे."

मॅडम, आम्हा सर्वांचे मागणे याहून वेगळे नाही.