कातडीचा डॉक्टर

कोलकात्यात बालीगंजच्या आमच्या इमारतीत एक मराठी डॉक्टर राहतात. लिफ्टमध्ये भेटले की आधीच सांगून टाकतात, "मी नुसता कातडीचा डॉक्टर हं." गेल्या वर्षी पुण्याच्या विमानात माझ्या यजमानांच्या छातीत कळ आली, डॉक्टरांसाठी घोषणा झाली, तेव्हा ते एकटेच उठले. वैमानिकाने विचारायला पाठवलं, नागपूरला उतरायचं का? त्यांनी पुन्हा नाडी पाहिली. म्हणाले, "पुण्यापर्यंत निभेल." निभलं नाही.

उद्या वर्षश्राद्धासाठी मी निघाले आहे. तेही त्याच विमानात आहेत. आज लिफ्टमध्ये खाली बघत म्हणाले, "वहिनी, तिकिटावर नावाआधी डॉक्टर लावलेलं नाही."

"आणि पुन्हा घोषणा झाली तर?" मला तीच धास्ती होती.

तळमजला आला तरी ते बाहेर पडले नाहीत.

"तेव्हाही लावलं नव्हतं," ते म्हणाले.