नीलगिरीचे कोंब

आमच्या कॉलनीमागच्या जंगलासाठी एका संस्थेने तीस वर्षांची योजना मांडली, तेव्हा मला हसूच आलं. सभेला जमलेले निम्मे लोक गुडघ्याला पट्टे बांधून आलेले. तीस वर्षं बघणार कोण?

पुढचं ऐकलं आणि हसू पळालं. संस्थेची तरुण मुलगी कन्नडमध्ये शांतपणे म्हणाली, "पहिलं काम म्हणजे नीलगिरी काढायची. एकदम नाही, टप्प्याटप्प्याने." अरे देवा, झाडं तोडून जंगल वाचवायचं! मी तिथल्या तिथे म्हटलं, "बाई गं, डोकं ठिकाणावर आहे ना?" ती रागावली नाही. "अम्मा, एकदा आत येऊन बघा," एवढंच म्हणाली.

हे मात्र सभेतून उठून घरी आले. जंगलाच्या तोंडाशी असलेली नीलगिरीची रांग यांनी नि यांच्या मित्रांनी लावलेली. सरकारी कारखान्यात नवे लागलेले पाच-सहा मराठी इंजिनिअर, बायका अजून गावाकडे, रविवारी करायचं काय? खड्डे खणून प्रत्येकाने आपापलं झाड लावलं होतं. आता त्यातले काही वारले, काही मुलांकडे पुण्याला नि परदेशी गेले. इथे उरलेले हे एकटेच, म्हणून यांनी हो म्हटल्याशिवाय त्या रांगेला हात लावायचा नाही, असं त्या मुलीने सभेतच सांगून टाकलं होतं. हे रोज सकाळी तिथून फिरून येतात आणि चहा पिताना म्हणतात, "सगळे ठीक आहेत." लग्नानंतर बरीच वर्षं मला वाटायचं, झाडांबद्दलच बोलतायत.

मला काही राहवेना. दुसऱ्या दिवशी गेले त्या मुलीबरोबर. नीलगिरीखाली नुसता सुका पाला, गवताची काडी नाही. इतकी वर्षं इथून फिरतेय, हे कधी दिसलं कसं नाही मला? थोडं पुढे एक नीलगिरी मागे वाऱ्याने उन्मळून पडली होती. तिथे मात्र गंमतच! करवंदीची जाळी, तरवडाची पिवळी फुलं आणि मधेच गुडघाभर उंचीची चंदनाची रोपं.

"कुणी लावली गं?"

"पक्ष्यांनी."

"मग तुम्ही काय लावणार?"

"काही नाही. वाट बघणार."

"वाट बघायला संस्था कशाला लागते?"

ती खुदकन हसली. "तेवढ्यात कुणी इथे प्लॉट पाडू नयेत म्हणून."

घरी येऊन यांना अक्षरशः ओढत नेलं. हे वाकून चंदनाची रोपं बघू लागले. ती मुलगी हळूच म्हणाली, "अंकल, तुमच्या रांगेतलं एक झाड ठेवू का? आठवण म्हणून?"

"का? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" हे म्हणाले. "काढा सगळी. सरी, ठीक आहे."

एवढं बोलून तरातरा घराकडे निघाले.

रांग गेली. पण नीलगिरी तोडून मरत नाही, बुंध्यातून कोंब फुटतात आणि ते पुन्हा पुन्हा मोडावे लागतात. योजनेतलं ते काम यांनी मागून घेतलं. म्हटलं, मीही येते. एकट्याला कुठे पाठवू?

पहिल्या रविवारी हे एकेका बुंध्याशी थांबत होते. "हा नगरवाल्याचा. भांडल्याशिवाय ऐकायचाच नाही, बघ किती कोंब काढलेत लेकाने." कटकन मोडला. "हा साताऱ्याचा. डब्यातली चटणी कुणाला द्यायचा नाही." तोही मोडला. मी हसत होते. शेवटच्या बुंध्यापाशी आलो आणि हे नुसतेच उभे राहिले.

"हा तू मोड."

"का हो? हात दुखतायत?"

"माझा आहे गं."

मी खाली बसले. कोंब कोवळा होता, पटकन मोडला. मला रडूच आलं. वरून हे म्हणाले, "अगं, पलीकडच्या बाजूचा कोंब राहिला." तोही मोडला.

घरी आलो तरी हातांना सर्दीच्या तेलाचा वास येत होता. चहा पुढे ठेवला. आज मीच विचारलं, "सगळे ठीक?"

"ठीक," हे म्हणाले. "पण परत फुटतील. रविवारी जायला हवं."