जनकाबाईची मिशी

धामणगाव बढ्याच्या रस्त्यालगत एक खेडं आहे. तिथली जनकाबाई तिफण धरते. पेरणीत पुरुषानं पुढं तिफण हाकावी अन् बाईनं मागून चालत सरत्याच्या नळीत बी सोडावं, अशी जुनी रीत. बाईनं रुमण्याला, तिफणीच्या दांड्याला, हात लावला तर पाऊस रुसतो म्हणे. पण नवऱ्याला, पुंजाजीला, दमा लागला तसं जनकाबाईनंच रुमणं धरलं. पाऊस रुसायचा त्या साली रुसला, यायचा त्या साली आला. पावसानं काही तिला विचारलं नाही. गाव मात्र पाहून न पाहिल्यासारखं करी.

औंदा पंचायतीच्या भिंतीवर शेतकरी बाईचं चित्र काढायचं ठरलं. सरपंच कोकिळा. तिनं गजेंद्र पेंटरला बजावलं, "मोबाइलातली गोरीगोमटी बाई नको काढू, डोक्यावर टोपलं अन् दात काढून राह्यली. आपली जनकाबाई काढ. तिफणीवर."

गजेंद्रनं हुबेहूब काढली. खोचलेलं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, रुमण्यावर घट्ट मूठ. जनकाबाईनं जाऊन ती जवळून पाहिली, लांबून पाहिली. मग म्हणाली, "नाक जरा लहान काढलं असतं तं काय बिघडलं असतं बे तुहं?" पण दुसऱ्या दिवशी दळणाचं निमित्त करून पुन्हा जाऊन आली. उभ्या जन्मात तिला कुणी 'हे तू करतेस' म्हटलं नव्हतं. भिंत म्हणत होती.

झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी ती भिंत कोकिळेच्या नवऱ्यानं, उकंडरावानं, पाहिली. पाटीवर नाव कोकिळेचं, खुर्चीत बसायचा तोच.

"उद्या तालुक्याचे साहेब येऊन राह्यले," तो गजेंद्रवर डाफरला. " या गावातले माणसं मेले काय, म्हणतीन ना! बदलव ते."

सारी भिंत पुसायला वेळ कुठला? गजेंद्रनं पदराचा फेटा केला, लुगड्याचं धोतर केलं अन् नाकाखाली झुबकेदार मिशी ओढली. बांगड्या तशाच राहिल्या.

सकाळी जनकाबाईनं कोकिळेला गाठलं. "तू सरपंच हायेस ना वं?"

"मी सही करतो, बाई," कोकिळा खाली पाहत म्हणाली. "बाकी सारं आमच्या मालकायचंच चालते."

साहेब आले, चित्रापुढं थांबले. "वा! कोण हे शेतकरी?"

उकंडरावानं पुंजाजीला पुढं ढकललं. पुंजाजीनं बायकोकडं पाहिलं. गावाशी तिचं भांडण नव्हतं, याच्या तोंडून आपलं नाव निघावं एवढंच तिला हवं होतं.

"मीच हो, साहेब," पुंजाजी म्हणाला.

टाळ्या पडल्या. साहेबांसोबत त्याचा फोटोही निघाला.

घरी तिनं ताट वाढलं अन् म्हणाली, "उद्या कपाशीतलं तण काढाले डवरणी हाय. भिंतीवर तुम्हीच हाय ना? मंग डवराही तुम्हीच धरा."

"येडी झाली काय? चार लोकायत काय सांगतो मी? नावच तं हाय. तुहं काय गेलं त्यात?"

काय गेलं ते तिला सांगता येईना. तिनं आपली भाकर टोपल्यात परत ठेवली.

सकाळी तो अंथरुणातून उठला नाही. कपाशीत तण माजलेलं, अन् तण काही कुणाचा रुसवा निघेस्तोवर थांबत नाही. तिनं बैल सोडले, डवरा घेतला. पारावरून कुणीतरी हाक दिली, "काय जनकाबाई, पुंजाजीची डवरणी निघाली वाटते?"

"हाव," ती म्हणाली. "त्यायचीच."

अन् बैल हाकलले.