लाईट आल्यावर राउटरनं काय करावं

राजारामपुरीत आमचं इंटरनेट जोडणीचं ऑफिस आहे. तक्रारींचे फोन मी घेतो, त्यामुळं किस्से आपोआप साठतात. बहुतेक चहाबरोबर संपतात. पण स्टँडर्डचे, म्हणजे राउटरांच्या जागतिक नियमाचे किस्से काही संपत नाहीत. सांगायला बसलो की माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही!

त्याचं मूळ इचलकरंजीत. तिथं लाईट जाऊन आली की गावभरचे राउटर एका क्षणी जागे व्हायचे आणि सगळे मिळून आमच्या सर्व्हरला जोडणी मागायचे. पंगतीत एकाच वाढप्याला सगळ्यांनी एकदम हाक मारल्यागत. सर्व्हर बसायचा. मग यंत्रमागवाल्यांचे फोन, "आमी दुसऱ्याची लाइन घेतोय!"

आमचं नेटवर्क सुनीता सांभाळते. पेठ वडगावची, शांत, पण एखाद्या गोष्टीच्या मागं लागली की सोडत नाही. शोधता शोधता तिला एक मसुदा सापडला. लाईट आल्यावर राउटरनं कसं वागावं, याचा जगभरासाठी नियम तयार होत होता आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'वीज येताच ताबडतोब जोडणी मागावी.'

"हाच तर आपला रोग!" सुनीता ओरडली. "आणि हे लोक तो जगभर लावणार!"

खाली एक ओळ होती. बदल कुणीही सुचवू शकतं.

आमचे मालक इरफानभाई खुर्ची ओढून बसले. "कुणीही म्हंजे?"

"कुणीही. ईमेल पाठवायचा, बास."

"मेंबर व्हायला लागत आसंल."

"नाही."

"मग कुठल्या सायबाची वळख?"

"ती पण नको."

इरफानभाईंनी चष्मा काढला. "सुनीता, ही फसवणूक हाय!"

*

सुनीतानं पहिला ईमेल लिहिला. 'आदरणीय सर, सविनय नमस्कार' असं सुरू होऊन मुद्दा येईपर्यंत अर्धं पान संपलं. ग्रामपंचायतीला अर्ज द्यावा तसा!

दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. मसुदा लिहिणारा माणूस स्वतः, कुठं तरी युरोपात. त्यानं लिहिलं होतं, 'सर नको, मार्टिन म्हण. अडचण समजली. आता मसुद्यात नेमकं कुठलं वाक्य हवं, ते तूच लिहून दे.'

आमच्याकडं साधा खांब हलवायचा तरी "बघू, पुढच्या आठवड्यात या" ऐकावं लागतं. आणि इथं जगाचा नियम लिहिणारा म्हणतोय, पेन घे!

सुनीतानं कोरा कागद पुढं ओढला. मग म्हणाली, "आता खरी भीती वाटायला लागली."

एका वाक्यासाठी तिनं किती कागद फाडले, देव जाणे. शेवटी जमलं. प्रत्येक राउटरनं मनानं एक वेळ निवडावी, कुणी थोडी, कुणी जास्त, तेवढं थांबावं आणि मगच हाक मारावी.

*

आणि त्या वाक्याला पहिला विरोध कुणी केला? मार्टिननंच! 'एवढे राउटर एकाच क्षणी चालू होतात कुठं? मला हे पटत नाही.' तेही सगळ्यांसमोर, एक ईमेल सगळ्या सभासदांना जातो त्या मेलिंग लिस्टवर.

इरफानभाई तापले. "पटत न्हाय? बोलव त्याला इचलकरंजीला!"

तो येणार नव्हता, म्हणून आम्हीच गेलो. आमचे जुने गिऱ्हाईक दस्तगीरचाचा, त्यांच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये व्हिडिओसाठी मोबाईल लावून लाईट जायची वाट बघत बसलो. त्या दिवशी लाईट काही जाईना! चाचा म्हणाले, "पावणं आलं की ती बी लाजतीया."

दुपारी गेली एकदाची. सगळं गाव गप्प. आणि परत आली तेव्हा गल्लीगल्लीतून मागांचा असा खडखडाट उठला की अंगावर काटा आला. तो व्हिडिओ आणि त्याच क्षणाची सर्व्हरची नोंद, दोन्ही सुनीतानं पाठवलं.

मार्टिनचं उत्तर एका ओळीचं होतं. 'माझं चुकलं होतं. धन्यवाद.'

इरफानभाईंनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. "सगळ्यांच्या म्होरं लिवलंय? आरं, आमच्या भावकीत यवढं म्हणायला दोन पिढ्या जात्यात!"

*

मग नियम ठरवणाऱ्यांची मोठी सभा झाली. आम्ही ऑफिसातूनच ऑनलाइन. आम्हाला वाटलं मतदान होईल. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "वाक्य ज्यांना पटतंय त्यांनी हुंकार द्या."

हात वर नाहीत, मोजणी नाही. गोष्ट ऐकताना देतो तसा हुंकार! भरलेला हॉल एकदम "हंऽऽऽ" करून घुमला. आमच्या इथं इरफानभाईंनीही छाती भरून हुंकार दिला.

माईक चालूच होता!

अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, "दुरून आलेला हुंकारही पोचला."

*

मसुदा शेवटच्या टप्प्यात गेला. कुणाला काही म्हणायचं असेल तर आत्ताच, नंतर नाही. इरफानभाईंनी पेढे सांगून ठेवले होते. आणि नेमकी तेव्हाच सुनीता पन्हाळ्याला एका तक्रारीवर गेली.

आमच्या राउटरांत तिनं आपलं वाक्य आधीच बसवून बघितलं होतं. गडावर वाऱ्यापावसात लाईट सारखी येत-जात होती. प्रत्येक वेळी राउटर नव्यानं थांबायला सुरुवात करायचा आणि त्याचं थांबणं पुरं व्हायच्या आत लाईट परत जायची. घरमालकीण अक्काताई म्हणाल्या, "पोरी, तुझा डबा वाट बघण्यातच म्हातारा व्हायचा की!"

सुनीता परत आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. "माझंच वाक्य अपुरं आहे. मी हरकत घेणार."

"गप बस की!" इरफानभाई कळवळले. "जगानं मान्य केलंय. सोताच्या पायावर सोताच धोंडा पाडून घेतीस व्हय?"

"पन्हाळ्यासारखी गावं जगात काय कमी आहेत?"

तिनं हरकत घेतली. तिच्या एका ईमेलनं सगळं काम थांबलं आणि पुन्हा सभा बोलावली गेली. शेवटी वाक्य राहिलं. वीज येत-जात असेल तर राउटरनं आधीचं थांबणं धरून पुढं मोजावं, ही तिची दुरुस्तीही त्याला जोडली गेली. पण माझ्या डोळ्यांसमोर आहे ती त्या सभेची दुपार.

सुनीता ताठ बसून सांगत होती की हे वाक्य असं जाऊ देऊ नका. तिकडं मार्टिन उठून उभा राहिला आणि तिच्या वाक्याची बाजू मांडायला लागला. चांगलं वाक्य आहे, पुराव्यावर उभं आहे, काढू नका. लिहिणारी विरोधात आणि विरोध करणारा बाजूनं! दोघं हमरीतुमरीवर आले.

इरफानभाई एकदा हिच्याकडं, एकदा स्क्रीनकडं बघत होते. शेवटी राहवेना तेव्हा हळूच म्हणाले, "सुनीता, एवढं सांग. ह्यातलं आपलं माणूस कुठलं?"

सुनीतानं माईक बंद केला आणि स्क्रीनकडं बोट दाखवलं. तिथं मार्टिन तिला खोडून काढत होता.