किल्ल्यावर चर्च कुठंय?

सुधाकर गेला हे कळलं तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात होते. दिवाळी तोंडावर आलेली, किल्ल्याची माती मी घमेल्यात भिजत घातली होती. तेवढ्यात मागच्या फाटकातून त्याची बायको आली, लीलावहिनी, घरातल्या सपाता तशाच पायात. म्हणाल्या, "तात्या, हे गेले हो. चहा ठेवला, हाक मारली… उठलेच नाहीत." अशा वेळी माणसानं दोन शब्द धीराचे बोलावेत. मी काय बोललो? "असा कसा गेला? आमचा निकाल लागायचाय अजून!" वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या आणि रडता रडता त्यांना हसू फुटलं. म्हणाल्या, "तुम्ही गेला असतात तर हेही अगदी हेच म्हणाले असते."

कसला निकाल, ते सांगायलाच बसलोय. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही पुरं नाही, तेव्हा शुद्धलेखन पेपरच्या पुरवणीवाल्यांनी बघावं, मजकुराला हात लावू नये. मी कराडकडचा मंडपवाला. लग्नाचे, जत्रेचे, गणपतीचे मांडव घालण्यात जन्म गेला आणि माझा एकही मांडव कधी वाऱ्यानं पडला नाही, हे कराडात कुणालाही विचारा. पोराची नोकरी इथं हॉलंडात नायमेखनला, कॉम्प्युटरच्या चिपांच्या कारखान्यात, म्हणून बायको गेल्यावर मीही इथं आलो. पहिल्याच दिवाळीत घरामागच्या बागेत किल्ला केला. नातवंडांसाठी करतो असं म्हणालो, पण मलाच राहवत नव्हतं. इथल्या बागेच्या दुकानातली पोत्यातली माती म्हणजे निव्वळ चहाचा चोथा, बुरूज धरत नाही. तरी केला! बालेकिल्ला, महादरवाजा, वर महाराज. शेतासाठी अळीव पेरायला निघालो तर सून म्हणाली, ते इथं दुकानात डबीत उगवलेलेच मिळतात. आणून लावले. मागे सरून बघतोय तोच कुंपणावरून एक म्हातारा डोकावला. गोरा, डोक्याला लोकरी टोपी. मला वाटलं असेल कोणी इथला. तर तो चक्क मराठीत ओरडला, "अगबाई! किल्ला! काय छान केलायस रे. पण चर्च कुठंय?"

आता बघा, माझ्याएवढा बाप्या माणूस 'अगबाई' म्हणतो, ओळख ना देख मला अरे-तुरे करतो आणि वर महाराजांच्या गडावर चर्च मागतो. मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का? आणि अहो-जाहो करा. मी तुमचा गडी नाही." तो ओशाळला. म्हणाला, "सॉरी हं. मला अहो येत नाही. आई मला तूच म्हणायची ना." मग कळलं, तो स्टुलावर चढून बोलत होता. उंचीनं बेताचाच. पुढं ते स्टूल कायम तिथंच राहिलं, कुंपणाला टेकून.

हा सुधाकर तान्हा असतानाच आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेलेला. पश्चिमेकडे वेल्सच्या कडेला एक लहानसं गाव, वडील तिथं डॉक्टर. सबंध गावात मराठी घर हे एकच, आणि वडील दिवसभर रोग्यांत. त्यामुळं मराठी जी काय आली ती आईच्या तोंडची, तिच्या उसाशांसकट. पुढं नोकरीनं तो हॉलंडात आला, इथंच राहिला, पण बोलायला लागला की तोंडातून त्याची आईच बाहेर यायची.

तर दिवाळी आली की आई म्हणायची, सुधा, किल्ला कर. पोरानं किल्ला कधी बघितलेला नाही. कसा असतो गं? आई म्हणाली, उंचावर असतो, दगडाचा असतो, वर बुरूज असतो आणि खाली गाव असतं. पोरगं खिडकीत गेलं. समोर टेकाड, त्यावर दगडी चर्च, चर्चला चौकोनी बुरूज आणि खाली गाव! म्हणजे आई याच्याबद्दलच बोलतेय. झालं! बसला चिखल कालवत. चर्च केलं, नदीवरचा कमानींचा पूल केला, पांढऱ्या भिंतींत काळ्या लाकडांच्या तुळया दिसणारी, एकमेकांवर रेललेली घरं केली. आईनं येऊन बघितलं. पणती आणून चर्चच्या दारात ठेवली. त्या दिवसांत इंग्रजांचाही एक फटाक्यांचा सण असतो. तिकडं सगळ्या गावातून बाण उडायला लागले आणि या बहाद्दराला वाटलं, आईनं गावभर सांगितलंय आज दिवाळी आहे म्हणून! "मोठा होईपर्यंत मला तसंच वाटायचं रे तात्या," सांगताना त्याचे डोळे असे लकाकायचे!

मी मात्र स्पष्ट बोललो. "गोष्ट झकास आहे. पण तो किल्ला नव्हे, ते खेळणं." तो म्हणाला, "आईनं पणती लावली होती. मग तो किल्लाच." आणि स्टुलावरून उतरून घरात गेला.

दुसऱ्या दिवशी परत हजर! पुढच्या दिवाळीपासून आम्ही किल्ला दोघं मिळून करायला लागलो. वाल नदीच्या काठची चिकणमाती सायकलला पिशव्या लावून आणायची. दोन म्हातारे, दोघांनाही सायकल धड येत नाही, वाटेत भांडण वेगळंच. तो हळूच पायथ्याशी एखादी कमान करायचा, मी तिथं मावळ्यांची चौकी बसवायचो. असं करता करता एकदा त्यानं बाजारघराची गोष्ट काढली. गावाच्या मधोमध एक घर आहे म्हणे, खाली भिंतच नाही, नुसत्या लाकडी खांबांवर उभं. खाली बाजार भरतो, वर खोली. चारशे वर्षं झाली. मी हसलो. "मला सांगतोस? जन्मभर खांब पुरले मी. लाकूड चार पावसाळे काढील, पाच काढील. चारशे वर्षं? थापा मारतोस." तो इरेला पेटला. "चल दाखवतो!" मी म्हटलं, "चल! उभं असलं तर तुझा तो किल्ला, असं चारचौघांत म्हणेन. नसलं तर चर्चचं नाव काढायचं नाही."

गेल्या उन्हाळ्यात गेलो. व्हिसा पोरानं काढून दिला, बोटीनं पलीकडे, पुढं वहिनींनी गाडी चालवली. गाव आलं तसा सुधाकर गाडी थांबायच्या आधीच दार उघडायला लागला. "अहो, उतरू तरी द्या मला," वहिनी ओरडताहेत, हा कुठला थांबतोय! पूल दाखवला. काळ्या तुळयांची घरं दाखवली, एका घराचा वरचा मजला खालच्यापेक्षा पुढं आलेला, आता पडेल की मग असा, आणि पडत नाही. वळलो, आणि बाजारघर समोर! उभं. लाकडी खांबांवर. मी रस्त्यातच गुडघ्यांवर बसलो. "हे बघ! खांब दगडांवर ठेवलेत! जमिनीत पुरलेले नाहीत! मग टिकणारच की!"

"तू म्हणालास, उभं राहायचं नाही."

"पुरलं तर!"

"पुरलं-बिरलं काही म्हणाला नव्हतास तू!"

खाली चीज विकणारी एक बाई घाबरून बघायला लागली. वहिनींनी तिला इंग्रजीत काहीतरी सांगितलं, तशी ती हसली आणि आम्हा दोघांना चिजेचा एकेक तुकडा देऊन तोंडं बंद केली.

खाता खाता सुधाकर एका खांबाशी जाऊन टेकला. "इथं," म्हणाला. "पाऊस आला की आई मला घेऊन इथं यायची. साडी, वर बाबांचा ओव्हरकोट, पायात गमबूट. इथं बसून सांगायची, तिच्या माहेरच्या अंगणातून किल्ला कसा दिसायचा… आणि मी तिकडं वर बघायचो." मीही वर बघितलं. टेकाडावर चर्चचा बुरूज. अहो, खरंच बुरूज! वर दातेरी चर्यासुद्धा, आपल्या तटावर असतात तशा! मी एवढंच म्हणालो, "बुरूज चांगलाय."

"अगबाई! लीला, तात्या म्हणाला!"

"बुरूज म्हणालो. किल्ला नाही म्हणालो."

परतीच्या बोटीवरही तेच चाललं. शेवटी ठरलं असं की येत्या दिवाळीत ते बाजारघर मी माझ्या हातानं करायचं, दगडांवर, आणि इथल्या पावसात तुळशीच्या लग्नापर्यंत टिकलं तर तो जिंकला…

आणि गडी निकालाआधीच उठून गेला. वहिनींकडे यंदा कंदील नाही, फराळ नाही. मला वाटलं आपणही राहू द्यावं. तर त्याच आल्या, हातात ते स्टूल. "आमच्याकडे काही नाही, पण तुम्ही किल्ला करा. याचं लाकूड घ्या. आता कोण चढणार यावर." स्टुलाच्या पायांचे चिरून खांब केले. दगड वालच्या काठावरून वेचून आणले. वर माझा बालेकिल्ला, नेहमीचा, त्यात तडजोड नाही. पण टेकाडाच्या दुसऱ्या अंगाला चर्च केलं, पूल केला आणि गावाच्या मधोमध बाजारघर ठेवलं. वहिनींनी विचारलं, "आमचं सुतक आहे, पणती तुम्ही लावाल?" मी लावली. चर्चच्या दारात.

मग पाऊस लागला. इथला पाऊस कोसळत नाही, नुसता चिकटून बसतो. आधी महादरवाजा बसला. मग चर्चचा बुरूज गेला, मग पूल, मग माझा बालेकिल्ला… महाराजांना मी घरात आणून ठेवलं. तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन खिडकीशी गेलो. बागेत चिखलाचा एक ढीग आणि त्याच्या मधोमध बाजारघर. चारी पायांवर. ताठ!

मी तसाच बाहेर गेलो आणि कुंपणावरून हाक मारली. "वहिनी! पोराला बोलावलंय, सुनेला बोलावलंय, शेजारच्या त्या डच बाईलापण बोलावलंय. चारचौघांत सांगतो. सुधाकरचा किल्ला उभा आहे!"

वहिनी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

"किल्ला म्हणालो, किल्ला!"

किल्ला तुळशीच्या लग्नानंतर ठेवत नाहीत, मला माहीत आहे. हा मी मोडलेला नाही. रोज सकाळी चहा घेऊन खिडकीशी जातो, बघतो, उभा असतो. पण दगडांवर आहे हं, सुधाकर. पुरलेला नाही. तेवढं माझंच खरं.