चौथ्या नावानंतरची पट्टी

आधीच सांगून टाकतो, मी अमावस्येला नखं कापणारा माणूस आहे. रस्त्यातलं लिंबू वळसा न घालता तुडवून जातो, आणि लोकांचे असले अनुभव वाचून आजवर हसतच आलोय... तरी हे लिहितोय, कारण चार वर्षं पोटात ठेवलं आणि आता ठेववत नाही.

२०११ची गोष्ट. नवीन पनवेलला, स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर, तळमजल्यावर आमचा वन बीएचके. त्यातल्या बेडरूमला जुन्या गाद्या ठोकून मी स्टुडिओ केला होता. गायकासाठी कपाटाएवढी बंद खोली, बाहेर माझा कॉम्प्युटर. बायको त्याला 'गादीघर' म्हणायची. दुपारी बिल्डिंग शांत असते म्हणून रेकॉर्डिंग दुपारीच.

एप्रिलमध्ये जासईहून दोघी आल्या. हिरूआजी आणि त्यांची सून, सुगंधावहिनी. आजी धवलारीण — म्हणजे आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई. त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं, नंतर आवाज राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते, आणि पुढच्याच महिन्यात नातीचं लग्न. म्हणून आवाज टेप करून ठेवायचा होता.

आजींच्या धवल्यात आधी घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन लग्नाचं आवतण होतं. चार नावं. आजेसासरे धर्मा, सासरे नामा, नवरा गणा, आणि चौथा... त्यांचा स्वतःचा मुलगा, सुगंधावहिनींचा नवरा जनार्दन. सहा वर्षांपूर्वी खाडीत मासे धरायला गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. तोवर त्याला घरात कुणी मेलेल्यांत धरलं नव्हतं.

"आता किती वाट बगायची," आजी म्हणाल्या. "आवतान नाय दिला तर तो मांडवात येल कसा?"

एकदा ते नाव घेतलं की सख्ख्या मुलीच्या लग्नात वहिनी विधवा म्हणून कोपऱ्यात उभ्या राहणार, हे मलाही कळत होतं. हिरव्या बांगड्या वाजू नयेत म्हणून हाताने धरून बसा, असं मी त्यांना सांगितलं होतं. रेकॉर्डिंग संपलं तरी त्यांनी त्या सोडल्या नाहीत.

आजींचा पुढचा दात पडलेला. 'स' किंवा 'श' आला की शिट्टी, कानात टाचणी टोचावी तशी. यावर आमच्या धंद्यात एक उपाय असतो — साइडचेन कम्प्रेशन. आवाजाची एक कॉपी करायची आणि तिच्यात फक्त तो टोचणारा भाग ठेवायचा. ही कॉपी कुणाला ऐकवायची नाही, ती नुसती राखणदार. तिच्यात शिट्टी आली की कम्प्रेसर मूळ आवाजाला तेवढ्यापुरता दाबतो, आणि स्क्रीनवर एक पिवळी पट्टी खाली येते. शिट्टी नाही तर पट्टी हलायचं काही कारण नाही.

आठवड्याने दोघी ऐकायला आल्या. प्रत्येक नावानंतर आजी दोन-तीन सेकंद थांबल्या होत्या, आणि मी शहाणपणा करून त्या रिकाम्या जागा कापून टाकल्या होत्या. आजींनी लगेच पकडलं.

"मधी थांबलेली, ता कुटं गेला? नाव घेतला का थांबायचा असतं, पोरा. त्यांना येऊ दे."

मी निमूटपणे त्या जागा परत जोडल्या आणि त्यांच्यासमोरच गाणं लावलं. धर्मा... शांतता. आणि पिवळी पट्टी खाली आली.

पंखा असेल म्हणावं, तर त्या खोलीत पंखाच नाही. नामा. पट्टी खाली. गणा. पट्टी खाली — सावकाश, दमलेला माणूस टेकतो तशी. जनार्दन. पट्टी जागच्या जागी.

मी हेडफोन लावून नुसती ती कॉपी ऐकली. मूळ आवाजात त्या जागी काहीही नव्हतं. कॉपीत मात्र दातांतून आत ओढलेला श्वास होता. तीन जागी तीन वेगळे श्वास, आणि तिन्ही आजींपेक्षा माइकच्या जवळ. लाज वाटते सांगायला, पण भर दुपारी उठून मी त्या रिकाम्या खोलीला बाहेरून कडी घातली.

गप्प बसायला हवं होतं मी. पण वहिनी मागे उभं राहून स्क्रीन बघत होत्या.

"दादा, ती पिवली तीनदा खाली आली. यांच्या नावाला नाय आली. काय झाला?"

मी जे ऐकलं ते सांगून टाकलं.

"काढ त्याचा नाव," आजी म्हणाल्या. "तो त्यांच्यात नाय."

वहिनी पदर तोंडाशी धरून रडल्या. मी तीन नावांची वेगळी फाइल करून दिली; चार नावांची माझ्याकडे तशीच राहिली, हे वहिनींना माहीत होतं.

लग्नाला मी गेलो होतो. आजी गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळून गप्प बसलेल्या आणि स्पीकरवर त्यांचाच आवाज तीन नावं घेत होता. वहिनी हिरवा चुडा भरून मुलीच्या शेजारी. मला फार बरं वाटलं. आपल्या हातून काहीतरी चांगलं झालं असं वाटलं... मला, ज्याचा कशावर विश्वास नाही.

दिवाळीत नवीन कॉम्प्युटर घेतला. जुनी कामं त्यावर घेताना आजींची पहिली, चार नावांची फाइल दिसली. उगाच लावली. धर्मा, नामा, गणा, पट्टी तीनदा खाली. जनार्दन.

पट्टी खाली आली.

फाइल तीच होती. एप्रिलनंतर तिला कुणी हात लावला नव्हता. जुन्या कॉम्प्युटरवर लावली, तिथेही तेच. शेवटी या कामात मुरलेल्या एका मित्राला काही न सांगता पाठवली. त्याचा फोन आला, "अरे, शांततेत चार ठिकाणी कम्प्रेसर दाबतोय. आत बाईंबरोबर कोण बसलं होतं?" चौथ्या जागेची कॉपी कानाला लावून ऐकायची माझी आजही हिंमत नाही.

कुणाकडे उत्तर असेल तर सांगा. जासईला मी हे कळवलेलं नाही. पण दर दोन-चार महिन्यांनी वहिनींचा फोन येतो. घरचं, लेकीचं सांगून होतं, आणि मग आवाज बारीक करून विचारतात, "दादा, ती पिवली बगता ना मधून मधून? अजून हलत नाय ना?"

"नाही हलत, वहिनी," मी म्हणतो.

त्या फोन ठेवतात, तेव्हा बांगड्या वाजलेल्या ऐकू येतात.